शेवटच्या खुर्चीचे मार्क

बँकेतल्या मॅडमच्या चेहऱ्यावर लेप चढला, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या बसल्या, आणि पार्लरवाल्या ताईंनी विषय काढला. लेप लावलेल्या बाईला उलट बोलता येत नाही; बोललं की भेगा पडतात. हे ताईंना धंद्यात पडल्यापासून ठाऊक होतं. त्याचा असा उपयोग मात्र यंदाच सुचला होता.

"तुमची लेक जनावरांच्या डॉक्टरीला जाणार म्हणे."

मॅडमनी नुसता हुंकार दिला.

"हुशार पोर हो. म्हणून जीव तुटतो. नाहीतर मला काय करायचंय?"

मग ताईंनी ती गोष्ट सांगितली. त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी, अशीच हुशार. पाच वर्षं घासली आणि शेवटी काय, खांद्यापर्यंत हात गाईच्या पोटात. अंगाचा वास काही केल्या जाईना. ठरलेलं लग्न त्यापायी मोडलं. नोकरी मिळाली ती आडगावात, तीही कंत्राटी. असं गिऱ्हाईक ताईंकडे कधीच आलं नव्हतं. पण गोष्ट इतक्या जणींना सांगून झाली होती, की त्या मुलीचा रडवेला चेहरा आता त्यांनाही दिसायला लागला होता.

ही वेळ आणली होती टीव्हीवरच्या एका मालिकेने. तोवर त्या कोर्सला कुत्रं विचारत नव्हतं. मग मालिकेत एक देखणा जनावरांचा डॉक्टर आला, कोकरू काखेत मारून हिंडणारा, आणि घरोघरच्या पोरींना एकदम भूतदया सुटली. कटऑफ असा चढला की ताईंची लेक खालीच राहावी.

लेकीला मालिकेच्या कितीतरी आधीपासून तेच व्हायचं होतं. चौकातल्या लंगड्या कुत्रीच्या जखमेतले किडे तिने एकेक करून वेचून काढले होते, तेही ताईंच्या भुवयांच्या चिमट्याने. ताईंनी चिमटा फेकून दिला आणि त्या दिवसापासून मनाशी ठरवलं, हिला डॉक्टर करायचंच.

त्या कॉलेजात चौकशीलाही जाऊन आल्या होत्या. क्लार्क बरा माणूस होता. त्याने समजावून सांगितलं, की कटऑफ काही आम्ही बसून ठरवत नाही. जागा आहेत तेवढ्याच. शेवटच्या खुर्चीवर जो बसतो त्याचे मार्क म्हणजे कटऑफ. रांगेत हुशार पोरं वाढली की तो वर जातो, रांग आटली की खाली येतो.

घरी पोचेस्तोवर ताईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. लेकीचे मार्क वाढवणं आपल्या हातात नाही. पण गावातल्या हुशार पोरींच्या आया कुणाच्या हातात मान देऊन बसतात?

लेकीला त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. पोरगी सरळ; तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. शिवाय तिच्यासमोर आपल्या खोट्याची लाज वाटायची ती वेगळीच. घरात कोर्सचा विषय निघाला की ताई "तुला आवडतं ना, झालं तर मग" एवढंच म्हणत आणि पाठ वळवून कपड्यांच्या घड्या घालायला लागत.

बाहेर मात्र गोष्टीला पाय फुटले. एका नवीन बाईने तर ती ताईंनाच ऐकवली, वर गाईची लाथ बसून त्या मुलीचे पुढचे दात पडल्याची भर घालून. ताईंनी "अगंबाई" म्हणून गालावर हात ठेवला.

बँकेतल्या मॅडमनी तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं वेळेवर सांगितलंत. एवढी गुंतवणूक करायची आणि हाती शेण."

त्यांची मुलगी ताईंच्या लेकीच्या बाकावरची, जिवाभावाची मैत्रीण. कोर्सचा नाद सोडताना फार रडली म्हणे. ताईंना वाईट वाटलं. पण एक खुर्ची रिकामी झाली, असंही कुठेतरी वाटून गेलं.

अर्ज लेकीने शाळेतूनच भरला. ताईंनी विचारलं, पसंतीचे कोर्स नीट विचार करून भरलेस ना? लेक म्हणाली, खूप विचार करून भरलेत. हल्ली ती जरा गप्पच असायची. निकालाची धास्ती असेल, असं म्हणून ताईंनी तिला फार छेडलं नाही.

यादी लागली त्या दिवशी खुर्चीत बसलेल्या बाईनेच मोबाइलवरून बातमी वाचली. जनावरांच्या डॉक्टरीचा कटऑफ धाडकन खाली आला होता. लेकीचे मार्क त्याच्या वर, तेही चांगले चार टक्के. ताईंनी दातातला दोरा थुंकला आणि एका भुवईचं गिऱ्हाईक तसंच टाकून घर गाठलं.

लेक कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"लागलं ना नाव?" ताईंना धाप लागली होती.

"लागलं. कॉमर्सला."

"कॉमर्स कुठून आलं मध्येच? अगं, कटऑफ उतरलाय. तुला हसतहसत मिळतंय."

"कळलं मला. पण मी तो कोर्स भरलाच नव्हता, आई."

लेकीने हातातली घडी पुरी केली आणि सावकाश सांगितलं. आधी बाकावरच्या मैत्रिणीने ती मोडलेल्या लग्नाची गोष्ट सांगितली, तेव्हा तिला खरी वाटली नव्हती. मग दुसरीने सांगितली, मग तिसरीने. प्रत्येकीच्या आईला सांगणारी एकच.

"सगळ्यांच्या आयांना जीव तोडून सांगितलंस," लेक म्हणाली, आणि समजूत काढावी तसा तिने आईचा हात हातात घेतला. "आणि मी विषय काढला की तेवढी पाठ फिरवायचीस. माझं मन मोडू नये म्हणून तू इतकं गिळलंस, मग मी तुझ्या मनाविरुद्ध कशी गेले असते?"