खांबांवरची शाळा

पुराच्या पाण्यातून होडी शाळेकडे निघाली, तशी इंजिनिअर सुनेत्राने धास्तीने डोळे मिटले. नियमावर बोट ठेवून तिनेच ती शाळा पूररेषेच्या वर, बारा फुटी खांबांवर बांधायला लावली होती. "शाळा हाय का मचाण?" म्हणून गाव हसलं होतं.

"बाई, बघा तरी!" नावाडी म्हणाला.

तिने पाहिलं. गावातलं एकही छप्पर दिसत नव्हतं. खांबांमधून तांबडी नदी घोंघावत चालली होती आणि वर शाळा ढिम्म उभी होती. व्हरांड्यात अख्खं गाव होतं.

सरपंच हात देत म्हणाले, "या. सून पहाटे इथंच बाळंत झालीया."

वर्गात सुनेत्राने फरशीला तळहात टेकला. खालच्या नदीची थरथर हाताला लागत होती. बाळ मात्र आईच्या कुशीत गाढ झोपलं होतं.