कोऱ्या पानावरचं अन्डू

"अगं, नैवेद्य चाखत नाहीत, पण मदतपुस्तिका चाखूनच वाढायची. प्रत्येक पायरी स्वतः करून बघ, मगच लिही." वारण्याआधी दत्तारामांनी बायकोकडून तसं वचनच घेतलं होतं.

दिवेआगरच्या घरात आता शकुंतलाबाई एकट्याच. पूजा आटोपली की नवऱ्याने बनवलेल्या टेक्स्ट एडिटरच्या, म्हणजे संगणकावर लिहायच्या प्रोग्रॅमच्या, मदतपुस्तिकेतली राहिलेली पानं त्या सुधारत बसत.

आज 'अन्डू'ची, म्हणजे पुसलेलं परत आणणाऱ्या कळेची, पाळी होती. 'कोऱ्या पानावर अन्डू केल्यास काहीच होत नाही,' हे वाक्य तपासायला त्यांनी नवं पान उघडून ती कळ दाबली.

अक्षरं उमटली. "शकू, जेवलीस का?"

त्यांना शकू म्हणणारं दुसरं कुणी नव्हतंच.

पुढची पायरी 'रीडू'ची होती. रीडू केलं की अन्डूने परत आलेली ओळ पुन्हा पुसली जाते.

"सोमवार आहे हो आज," त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी बोट रीडूच्या कळेवर नेलं.