नात्यांची उजळणी

“मला तुझ्याशिवाय आहे कोण?”

समुद्रापलीकडून खरखरत येणारा वेल्डरचा तो आवाज अजून त्याच्या बायकोच्या कानात होता. तिकडच्या कारखान्यात होता तेव्हा दर रविवारी तो फोन करायचा, आणि ठेवताना हेच म्हणायचा. ती ओल्या हातानं रिसीव्हर धरून एकटीच हसायची.

आता तोच वेल्डर खाटेवर पडून होता. पक्षाघाताच्या झटक्यानं उजवा हात गेला, आणि हातापाठोपाठ आपली भाषाही गेली. उरली ती तिकडची, फ्रेंच. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. आधीचं पुसतं, नंतरचं राहतं. जाताना दाराशी हळूच म्हणाले, दुसरा झटका कधीही येईल, बोलून घ्या काय ते.

बोलणार कसं? घरात फ्रेंच यायचं ते एकट्या सुनेला. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानंच गंमत म्हणून तिला चार शब्द शिकवले होते. तिनं त्याचा छंद केला, परीक्षा दिल्या, आता ती क्लासमध्ये फ्रेंच शिकवत होती. सासू सुनेला चिडवायची, “कर बाई सासऱ्याशी गुलुगुलु! माझ्या चहाला नावं ठेवली तरी मला कुठं कळणार?”

रोज दिवे लागले की वेल्डर एकच वाक्य म्हणायचा. “उ ए मा फीय?”

“काय म्हणतात गं?”

“विचारताहेत, माझी बायको कुठंय?” सून म्हणायची, आणि उशीचा अभ्रा सारखा करायला लागायची.

“अहो, ही काय मी! इथंच तर आहे.”

तो तिच्याकडं बघायचाच नाही. दाराकडं बघत राहायचा. मग त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानापर्यंत ओघळायचं.

एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता सासू म्हणाली, “मला शिकव.”

“काय?”

“ह्यांचं बोलणं. सगळं नको. घरातल्या माणसांना काय म्हणतात तेवढं.”

“ह्या वयात, आई?”

“माझं वय तुझ्या फ्रेंचला नडतंय की तुला?”

सुनेला हसू आलं. तिनं शिकवायला घेतलं. सासूनं शब्दांना अंगाईची चाल लावली. भांडी विसळताना, नवऱ्याचं अंग पुसताना ती गुणगुणायची:

“पॅर म्हणजे बाबा, मॅर म्हणजे आई, फ्रॅर म्हणजे दादा, सर म्हणजे ताई.”

मुलगा कामावरून आला की दारातच थबकायचा. “घराची शाळा केलीत का दोघींनी?”

“तू फीस,” सासू ठसक्यात म्हणायची. “फीस म्हणजे मुलगा. आणि ही तुझी फाम. जरा जपून वाग तिच्याशी.”

एकदा तिनं वाक्य विचारलं. “तुझे वडील तुला बोलावताहेत, हे कसं म्हणायचं?”

“तों पॅर तापॅल. पण कुणाला म्हणणार? तुमचा लेक तर शेजारच्या खोलीत असतो. त्याला आपल्या भाषेत हाक मारा की!”

“ह्यांच्यासमोर ह्यांच्या भाषेत मारीन. बरं वाटेल त्यांना.”

ते वाक्य तिनं इतक्या वेळा घोकलं, की शेवटी सुनेनंच हात जोडले.

स्वतः तिकडं फोन लावायची वेळ वेल्डरच्या बायकोवर सहसा यायची नाही. मुलगा लहान असताना तापानं फणफणला होता, तेव्हा तिनं तिकडं फोन लावला होता. अडीअडचणीला म्हणून वेल्डरनंच नंबर देऊन ठेवला होता. “लागला नाही,” एवढंच तिनं नंतर सांगितलं. तो कायमचा परत आला त्यानंतरही वर्षातून एखादा परदेशी कॉल बिलात दिसायचा. मुलगा टेलिफोनवाल्यांशी भांडायला निघायचा, तर बाप म्हणायचा, “जाऊ दे रे. त्यांचीच काही चूक असेल. भरून टाक.” आणि उठून अंगणात जायचा.

त्या दिवशी वेल्डरनं पेजही घेतली नाही. श्वास जड झाला होता. सासू त्याचे पाय चोळत होती.

“फीस म्हणजे मुलगा,” ती म्हणाली. “आणि मुलगी?”

सुनेचा चमचा वाटीत खणकला. “ते कशाला? आपल्याकडं कुठं मुलगी आहे?”

“उजळणीत मधलं गाळलं की पुढं अडखळायला होतं गं.”

सुनेनं वाटी खाली ठेवली. मग अगदी हळू म्हणाली, “फीय.”

सासूनं शब्द ओठांवर घेतला, मान हलवली, आणि पाय चोळत राहिली.

बाहेर अंधारून आलं. दिवा लागला. वेल्डरनं डोळे उघडले, दाराकडं पाहिलं. “उ ए मा फीय?”

“विचारताहेत...” सुनेनं सुरुवात केली.

“कळलं मला.”

सून खाली बसली, सासूच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून रडायला लागली. “माझी जीभच रेटेना, आई. ह्या वयात तुम्हाला हे कसं सांगू? मला वाटलं, खोटं बोलून तुमचं घर राखावं.”

“वेडी आहेस. ऊठ, नाक पूस. ह्यांना पाणी पाज.”

सासू उठली. पदराला हात पुसले, फोनपाशी गेली. चष्मा न लावता, कुठं न बघता तिनं लांबलचक नंबर फिरवला.

“कुणाला लावताय?” सुनेनं विचारलं.

पलीकडं कुणीतरी फोन उचलला. “अलो?”

आवाज बाईचा होता. मुलाच्या तापात सासूनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो एवढासा होता, आणि “पापा?” एवढंच म्हणाला होता. त्यानंतर दर वर्षी एकदा, घरात कुणी नसताना, ती तो मोठा होताना ऐकत आली होती. ऐकायचा, आणि फोन ठेवून द्यायचा.

“अलो?”

“मा फीय,” सासू म्हणाली. “तों पॅर तापॅल.”