हवेतली वीट

शेवटच्या मिनिटाला पंच वामनरावांनी अकोल्याविरुद्ध दिलेली पेनल्टी जाळ्यात गेली आणि अकोल्याची गर्दी काठ्या घेऊन मैदानात घुसली. “फोडा म्हाताऱ्याले!” पहिल्याच फटक्यात वामनराव कोसळले. अकोल्याचा गोलकीपर नितेश त्यांच्याकडे धावला. फाऊल त्यानंच केला होता, निर्णय खरा होता. गर्दीतून एक वीट पंचांच्या कपाळाकडे सुटली. हातमोजे काढलेले असूनही नितेशनं ती हवेतच झेलली. दोन बोटं कडकन मोडली. “कावून मधात पडला बे?” अकोल्याच्या फुटबॉल आणि क्रिकेट, दोन्ही संघांचा मालक किंचाळला. “उद्या परतवाड्याले क्रिकेटची फायनल हाय. विकेटमागं कोन राहीन, तुहा बाप?” “हवेत आलेलं सोडता येत नाई, भाऊ.” नितेशचं घर याच दोन खेळांवर चालायचं. मालकानं रागानं दुसरी वीट पंचांवर उगारली. “सरक!” नितेशनं फक्त छाती पुढं केली. वीट बरगड्यांवर आदळून खाली पडली आणि सवयीनं त्यानं ती चेंडूसारखी पायाखाली दाबली.