दसऱ्याचं विमान

नारळ हँगरच्या बाहेर फोडायचा, आत पाणी सांडायचं नाही, असा उड्डाण शाळेचा नियम होता. म्हणून दर दसऱ्याला गुंडू मिस्त्री विमानावरून ओवाळलेला नारळ घेऊन बाहेर जायचा. विमानाला हळदकुंकू लावायला उचगावहून आलेली त्याची बायको, अंजिरा, तेवढा वेळ आत एकटीच असायची.

"अवो, एकडाव आत बसू का?" पहिल्या दसऱ्याला तिनं विचारलं होतं.

"टांगा हाय व्हय त्यो? साहेब बघतील."

दुसऱ्या वर्षी तिनं विचारलं नाही. नंतरही कधी नाही. मिस्त्रीला वाटलं, हौस फिटली.

आता शाळा बंद पडली आहे. अंजिरा जाऊन वर्ष झालं. हँगर रिकामा करायचाय, आणि विमान एका कॉलेजच्या आवारात शोभेला ठेवणार आहेत, म्हणून झाडलोटीला आलेली विठाबाई ओलं फडकं घेऊन त्याच्यात चढली.

"मिस्त्री, पायलटबाई हुती व्हय हितं कोण? काचंवर टिकल्या हायत."

मिस्त्रीनं दारातून आत वाकून पाहिलं. सीटवर बसलेल्या माणसाच्या कपाळाशी येईल अशा उंचीवर टिकल्यांची रांग होती, घरच्या आरशावर असायची तशीच. जुन्यांचा रंग उडाला होता. शेवटची अजून लाल होती.

"खरवडून टाकू?" असं विचारत विठाबाईनं उतरायला पाय बाहेर काढला.

"ऱ्हाऊ द्या," मिस्त्री म्हणाला. "तुमीबी बसा की घटकाभर. आता कोण बघत न्हाय."