सुधाकरभाऊंचा पडदा

यरुशलेमच्या मंदिरातल्या परमपवित्र स्थानात वर्षातून एकदाच, एकच माणूस जाई. तोही जीव मुठीत धरून. न्यूझीलंडमधल्या पापाटोएटोच्या भाड्याच्या हॉलमधल्या परमपवित्र स्थानात सुधाकरभाऊ दर रविवारी जात. चहाच्या आधी.

सोम ते शुक्र ते फार्मसीत असत. रविवारी मराठी ख्रिस्ती मंडळीला शास्त्र समजावून देत. "देव आत, माणसं बाहेर, मध्ये पडदा," त्यांनी ९६च्या मे महिन्यात सांगितलं, आणि पडदा विनयाकडून शिवून घेतला. शास्त्रात निळा, जांभळा आणि किरमिजी सांगितलाय. सेलमध्ये फक्त किरमिजी मिळाला. हॉलचा हीटर बिघडल्याचंही त्यांनी त्याच रविवारी सांगितलं.

जुलै उजाडला, तिकडचा ऐन हिवाळा. लोक कोट घालून स्तोत्रं म्हणत, तोंडातून वाफा निघत. बिस्किटांच्या डब्यात प्रत्येक जण विनंतीची चिठ्ठी टाकी. भाऊ डबा घेऊन आत जात आणि एकेक विनंती देवापुढे मांडत.

विनया नर्स होती, त्या रविवारी नाइट ड्यूटीवरून तशीच आली होती. तीन रविवार तिनं हॉस्पिटलच्या पिवळ्या कागदावर लिहिलं होतं: आईचं ऑपरेशन आहे, सांभाळ. आज लिहिलं: आई गुरुवारी गेली. तुझ्याजवळ पोचली का? नगरहून आलेल्या फोनबद्दल ती कुणाला बोलली नव्हती. आधी आत कळू दे, मग माणसांना.

दहा मिनिटांनी भाऊ बाहेर आले. चेहरा लालबुंद.

"तेज बघा, तेज!" कांचनमावशी शालीतून कुजबुजल्या.

"विनयाताई," भाऊ म्हणाले, "तुमची चिठ्ठी वाचली. आई ठणठणीत होणार. मला आत स्पष्ट सांगण्यात आलंय."

विनया उठली. "काय लिहिलं होतं चिठ्ठीत?"

"हेच, ऑपरेशनचं."

"ते मागच्या रविवारी. आज काय होतं?"

"आतलं बाहेर सांगायचं नसतं, ताई."

"आत्ता सांगितलंत की!"

ती तरातरा पडद्याकडे निघाली. भाऊ आडवे आले. "अहो, भलता माणूस आत गेला तर जागच्या जागी मरतो!"

"माझी आई मेली, भाऊ. गुरुवारी."

तिनं पडद्याची कड धरली.

"आणि येशू गेला तेव्हा मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला ना? तुम्हीच शिकवलंत. मग मला परत शिवायला कशाला लावलात?"

तिनं पडदा ओढला. तिची शिवण पक्की होती; दांडीच खाली आली.

आत एक खुर्ची होती, खुर्चीवर उशी. डब्यात मे महिन्यापासूनच्या चिठ्ठ्या होत्या. चार पिवळ्या, चारींची घडी जशीच्या तशी.

खुर्चीपाशी हीटर होता. दोन्ही सळ्या लाल.