वळणावरचा दोरा

शेवटचा स्क्रू निघाला आणि जिन्याच्या वरच्या भागाचा लाकडी कठडा सुताराच्या हातात आला. जिना एकदम उघडाबोडका दिसायला लागला. मधल्या वळणावरच्या चौथऱ्याला आता कड तेवढी उरली होती, आणि कडेपलीकडे खाली तळमजल्याची फरशी.

"खालचा राहू द्या," बाई म्हणाल्या. "फोटो वरूनच काढायचाय."

खालचा तसाही निघणार नव्हता, त्याचे खांब सिमेंटात होते. सुताराच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. हा कठडा त्यानेच बसवला होता, तोही फुकट. वळणापाशी त्याला जाड सुती दोरा गुंडाळलेला होता. दोरा हाताला लागला की डावीकडे वळायचं, हे केंद्रातल्या प्रत्येकाच्या बोटांना पाठ होतं. केंद्र अंधांचं होतं. पुढच्या जिन्याखाली रहदारीचा रस्ता, म्हणून सगळी मंडळी मागच्या शांत गल्लीतून, या जिन्याने, कुणाचा हात न धरता वर येत. बाईंना त्याचा कोण अभिमान.

त्या अभिमानानेच घात केला होता. गेल्या वर्षी अनुदानाच्या अर्जात त्यांनी या कठड्यावर पानभर लिहिलं, अगदी दोऱ्यासकट. ट्रस्टचं उत्तर आलं, तुमच्याकडे सोयी उत्तम दिसतात, तेव्हा आधी जास्त गरजू संस्थांचा विचार करू. यंदाही नकार आला तर जागा सोडावी लागणार होती. मग ही सगळी माणसं आपापल्या घरच्या कोपऱ्यात जाऊन बसणार, हे बाईंना दिसत होतं आणि झोप लागत नव्हती. शेवटी त्यांनी धाकट्या दिरांना विचारलं. अनुदानं मिळवण्यात भाऊजींचा हातखंडा होता. "वहिनी, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही," ते म्हणाले. "पाहणीला येतील तेव्हा जरा फाटकं दाखवा."

बाईंनी फाटकं दाखवायचं ठरवलं. यंदाच्या अर्जात कठड्याचं नावही काढलं नाही. नवे पडदे उतरवले, माळ्यावरच्या मोडक्या खुर्च्या खाली आणून मांडल्या. कठडा कपाटामागे गेला. जिन्यावर उजेड पडावा, म्हणजे फोटो नीट येईल, म्हणून खालचं गल्लीतलं दार त्यांनी सताड उघडं ठेवलं.

बाई निष्काळजी नव्हत्या. सकाळी एकेकाला हात धरून पुढच्या जिन्याने वर आणलं. आज मागच्या दाराकडे कुणी फिरकायचं नाही, असं बजावलं. केंद्रातले सर्वांत वडीलधारे नाना, जन्मभर पेटी शिकवलेला माणूस, बाईंच्या हाताला धरून चढताना म्हणाले, "आज आम्ही आंधळे झालो वाटतं." सगळे हसले. बाईही हसल्या, पण मनात कुठेतरी पाल चुकचुकली.

खुर्चीत बसल्यावर नानांनी हळूच विचारलं, "सगळ्यांना सांगितलंत ना?"

"सगळ्यांना, नाना."

ट्रस्टची अधिकारी पुढच्या जिन्याने वर आली. वयाने लहान, बोलायला गोड. अध्यक्षही आलेत, म्हणाली, गल्लीच्या तोंडाशी उतरलेत, त्यांना जरा वेळ लागेल. बाईंचा ऊर भरून आला. अध्यक्ष कुठे जात नाहीत, समारंभात दिसत नाहीत, फोटोही काढू देत नाहीत, असं त्या ऐकून होत्या. ते आपल्या दारी येणार म्हणजे गंगेत घोडं न्हालं. त्यांनी चहा ठेवला. अधिकारी मोडक्या खुर्च्या बघत होती, काहीतरी टिपून घेत होती. भिंतीला ओल आली होती, ती मात्र खरी होती, आणि बाईंनी ती दोनदा दाखवली.

"आता मागचा जिना दाखवते," त्या म्हणाल्या. आवाज त्यांनी मुद्दाम पाडला होता. "तुम्हाला बघवणार नाही."

"साहेब आले की बघूच की," अधिकारी चहाचा घोट घेत म्हणाली.

नानांनी एकदम हात वर केला. खोली गप्प झाली. इथे नानांचा हात वर गेला की सगळे कान देत.

"खाली कुणीतरी आहे," नाना म्हणाले. "काठी आहे हातात."

बाईंनी खोलीवरून नजर फिरवली. सगळे होते. दाराशेजारच्या खुंट्यांवर सगळ्यांच्या काठ्या होत्या, एकही खुंटी रिकामी नव्हती. जिन्यावर टक्, टक् असा आवाज सावकाश वर येत होता.

"अहो, आमचे साहेबच ते," अधिकारी हसली. "त्यांना दिसत नाही, पण कुणाला कळलेलं आवडत नाही. तुम्हाला नकार दिला याची वर्षभर रुखरुख होती त्यांना. तुमचा तो जुना अर्ज मी किती वेळा वाचून दाखवला असेल. यंदाची मंजुरी सही करून खिशात घेऊन आलेत, फक्त हट्ट एकच, तुमच्या माणसांसारखं एकट्याने चढायचं. कठडा धरायचा आणि दोरा हाताला लागेपर्यंत सरळ चालत राहायचं."